टायरचे वय कसे ओळखावे?

बैल विकत घेताना शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो. दोनदाती, चौदाती, सहादाती की जुळलेला, हे पाहिल्यावाचून बाजारात सौदा होत नाही. विकणाऱ्याच्या सांगण्यावर कोणी विसंबत नाही. तोच शेतकरी जुनी मोटार किंवा जीप घेताना इंजिनाचा आवाज ऐकतो, कागदपत्रे पाहतो आणि टायरची नक्षी शाबूत दिसली की टायरविषयी निश्चिंत होतो. वस्तुतः नक्षीवरून टायर किती झिजला एवढेच कळते. तो किती जुना आहे हे कळत नाही. झीज आणि वय या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि खेड्यातील वाहनांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

शहरातील भाड्याची मोटार रात्रंदिवस धावते. तिचा टायर जुना होण्यापूर्वीच झिजून जातो. शेतकऱ्याच्या घरची मोटार मात्र आठवडी बाजार, तालुक्याची कचेरी आणि लग्नकार्य एवढ्यापुरतीच बाहेर निघते. उसाची ट्रॉली गळीत हंगामात राबते आणि उरलेले महिने बांधावर उन्हात उभी असते. अशा वाहनाची नक्षी पुष्कळ वर्षे टिकते, आणि म्हणूनच त्याच्या टायरचे वय मालकाच्या लक्षात येत नाही.

रबर हा पदार्थ नुसता ठेवला तरी जुना होतो. हवेतील प्राणवायू त्यात हळूहळू शिरतो व त्याची लवचिकता कमी करतो. ओझोन हा प्राणवायूचाच दुसरा प्रकार हवेत अत्यल्प प्रमाणात असतो. तो ताणलेल्या रबरास बारीक भेगा पाडतो. ऊन आणि उष्णता या दोन्ही क्रियांना वेग देतात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या वाहनाचे टायर कोकणातील सावलीतल्या टायरांपेक्षा लवकर कडक होतात, ते यामुळेच. हा ऱ्हास रोखण्यासाठी कारखानदार रबरात मेण व काही संरक्षक रसायने मिसळतात. चाक फिरत असताना टायर दबतो व सुटतो, आणि ही द्रव्ये आतून पृष्ठभागावर येत राहतात. चाक महिनोन्‌महिने जागेवरच राहिले तर हे संरक्षण मंदावते. तेव्हा गाडी वापरलीच नाही म्हणजे टायर वाचले, ही समजूत अर्धीच खरी आहे.

टायरचे वय त्याच्या बाजूवरच लिहिलेले असते. प्रथम टायर साध्या पाण्याने व साबणाने धुऊन घ्यावा. डिझेल किंवा रॉकेल वापरू नये, कारण खनिज तेलाने रबर फुगते व मऊ पडते. मग रिमच्या लगतचा भाग बारकाईने पाहावा. अनेक टायरांवर रोमन लिपीतील डीओटी ही तीन अक्षरे व त्यांच्यापुढे अक्षरे आणि अंक यांची मालिका आढळते. या मालिकेत कारखाना, आकार इत्यादींच्या खुणा असतात. शेतकऱ्यास त्यांच्याशी कर्तव्य नाही. मालिकेच्या अखेरचे चार अंक मात्र पाहावेत. ते पुष्कळदा लांबट गोल चौकटीत असतात. ही तीन अक्षरे नसलेल्या टायरवरही चार अंकांची अशी चौकट बहुधा सापडते. पहिले दोन अंक वर्षातील आठवडा दाखवितात व पुढचे दोन वर्ष दाखवितात. उदाहरणार्थ, २३१९ असे अंक असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या आरंभी तयार झाला. आठवड्यावरून महिना काढण्याची सोपी रीत अशी की, तेरा आठवडे म्हणजे तीन महिने. तेरापर्यंतचा अंक मार्चअखेरपर्यंतचा, सव्वीसपर्यंतचा जूनअखेरपर्यंतचा, एकोणचाळीसपर्यंतचा सप्टेंबरअखेरपर्यंतचा आणि त्यापुढील अंक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीतील समजावा.

पुष्कळांची निराशा येथे होते की, मालिका सापडते पण तिच्या शेवटी तारखेचे अंक नसतात. याचे कारण साधे आहे. कित्येक टायरांवर संपूर्ण मालिका एकाच बाजूस असते, आणि टायर बसविताना ती बाजू आत गेलेली असू शकते. अशा वेळी गाडीखाली वाकून, विजेरीच्या उजेडात आतली बाजू पाहावी. चाक उतरविता आले तर उत्तमच. विकणारा चाक उतरवू देत नसेल, तर तेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

चार अंकांची ही पद्धत २००० सालापासूनची. त्यापूर्वी तीनच अंक असत. दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा. ३५८ असे अंक असतील तर पस्तिसावा आठवडा आणि आठने संपणारे वर्ष; ते १९८८ की १९९८ हे अंकांवरून सांगता येत नाही. काही कारखाने १९९० ते १९९९ या दशकासाठी अंकांपुढे लहानसा त्रिकोण काढीत, त्यावरून निर्णय होतो. हौसेने जतन केलेल्या जुन्या ॲम्बॅसडर, पद्मिनी अथवा जीप गाड्यांना असे टायर अद्याप क्वचित आढळतात, विशेषतः स्टेपनीच्या जागी. दशकाचा वाद इतिहासप्रेमी मालकाने खुशाल घालावा. रस्त्यावर नेण्याच्या दृष्टीने त्यास अर्थ नाही. तीन अंकी टायर कोणत्याही दशकातला असला तरी त्याचे वय आज पंचवीस वर्षांहून अधिक आहे, व तो काढून टाकावयासच हवा.

टायरवर इतरही अनेक अंक असतात आणि त्यांमुळे घोटाळा होतो. जीपच्या व ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर ६.००-१६ असे लिहिलेले असते. त्यातील १६ म्हणजे २०१६ साल नव्हे. तो रिमचा इंचांतील व्यास आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावरील १३.६-२८ मधला २८ देखील तसाच. भारतीय मानक चिन्हाजवळ मानकाचा क्रमांक व परवान्याचा क्रमांक असतो, त्यांचाही वयाशी संबंध नाही. एक कसोटी सदैव उपयोगी पडते: वर्षात त्रेपन्नाहून अधिक आठवडे नसतात, म्हणून पहिले दोन अंक ५३ पेक्षा मोठे असतील तर ती तारीख नव्हेच.

रिमोल्ड टायरविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. यात टायरचा जुना सांगाडा तोच राहतो व वर नवी नक्षी चढविली जाते. चांगल्या कारखान्यात, सुस्थितीतील सांगाड्यावर केलेले हे काम काटकसरीचे आहे व मालवाहू गाड्यांसाठी ते सर्रास होते. परंतु नक्षी नवी झाली म्हणून सांगाडा नवा होत नाही. बाजूवरील मूळ तारीख ही सांगाड्याची तारीख होय, आणि वय तिच्यावरूनच मोजावे. याहून वाईट प्रकार म्हणजे झिजलेल्या टायरमध्ये हत्याराने खाचा खोल करून, वर काळा रंग फासून तो विकणे. अशा टायरच्या खाचांच्या कडा ओबडधोबड लागतात, आणि तळाशी रबराचा थर इतका पातळ उरतो की आतील धाग्यांना धोका पोहोचतो. पायावर टायर वाजवून पाहण्याने यातले काही कळत नाही. बोट घालून पाहावे.

अंक मुळीच वाचता येत नसतील तर बाह्य लक्षणांचा आधार घ्यावा. बाजूवर जाळीसारख्या बारीक भेगा, खाचांच्या तळाशी तडे, तपकिरी छटा आणि नखाने दाबले असता न दबणारे कडक रबर ही जुनेपणाची चिन्हे आहेत. त्यांपैकी केवळ तपकिरी छटेवरून निष्कर्ष काढू नये, कारण संरक्षक द्रव्य वर आल्यानेही तशी छटा येते. नुकतीच काळी चकाकी दिलेला टायर धुऊन मगच पाहावा. गाडीच्या नोंदणीपत्रात तिच्या निर्मितीचा महिना व वर्ष असते. टायरची तारीख त्याच्या बरीच आधीची असेल तर तो दुसऱ्या गाडीवरून आलेला असण्याचा संभव मोठा. चारही टायर व स्टेपनी यांच्या तारखा एकमेकींशी ताडून पाहिल्या म्हणजे गाडीचा बराचसा पूर्वेतिहास उलगडतो. मात्र बाहेरून निर्दोष दिसणारा टायरही आतून जीर्ण असू शकतो. पोलादी तारांच्या पट्ट्यांना धरून ठेवणारे रबर आत असते, आणि तेथील ऱ्हास डोळ्यांना दिसत नाही.

मग किती वर्षांनी टायर काढावा? यास एकच सर्वमान्य उत्तर नाही. अनेक मोटार कारखाने नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात. काही टायर कारखाने पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानावी असे सांगतात. आपल्याकडील ऊन, खडीचे रस्ते आणि ओझे लक्षात घेता मोटारीसाठी सहा वर्षांचा सल्ला पाळणे अधिक शहाणपणाचे. पुढच्या चाकांबाबत तर सवलत देऊच नये, कारण पुढचा टायर फुटला की सुकाणूवरचा ताबा जातो. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात २०१२ च्या सप्टेंबरमध्ये प्रवाशांनी भरलेल्या एका बसचा पुढचा टायर फुटून ती झाडावर आदळली व तीन माणसे मृत्युमुखी पडली. तो टायर एकोणीस वर्षांहून अधिक जुना होता. त्या वेळच्या कायद्यात टायरच्या वयाला मर्यादा नव्हती. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये मालमोटारी व बस यांच्या पुढच्या आसावर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी झाली.

वेग आणि उष्णता यांचा येथे निकटचा संबंध आहे. चाक जितके जोरात फिरते तितके रबर अधिक वेळा दबते व तापते. हवा कमी असेल तर आणखीच. गावात वीस-पंचवीसच्या वेगाने वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला टायर, एखाद्या मे महिन्यात कुटुंबासह समृद्धी महामार्गाने लांबच्या प्रवासास निघाल्यावर प्रथमच खऱ्या परीक्षेस बसतो. मोटारीवरून उतरविलेला टायर बैलगाडीस लावण्याची चाल आहे, व त्यात गैर काही नाही, कारण बैलांच्या चालीने टायर तापत नाही. पण तोच टायर ट्रॅक्टरमागे टनावारी ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीस लावणे ही काटकसर नव्हे.

नवा टायर घेतानाही दुकानातच चार अंक वाचावेत. काही महिन्यांपूर्वी तयार झालेला, सावलीत ठेवलेला टायर घेण्यास हरकत नाही; दोन-तीन वर्षे पडून राहिलेला मात्र पूर्ण किमतीस घेऊ नये. टायर घरी ठेवावयाचा झाल्यास थंड, कोरडी व अंधारी जागा निवडावी. कित्येक शेतकरी तो मोटरपंपाच्या खोपटात ठेवतात. तेथे डिझेल, ग्रीस वा खते यांचा संसर्ग होतो, आणि जवळपास वेल्डिंग चालत असेल तर विजेच्या ठिणग्यांमुळे ओझोनही तयार होतो. म्हणून ती जागा टाळावी. हंगाम संपल्यावर ट्रॉली रिकामी करून आसाखाली लाकडी ओंडके द्यावेत व चाके जमिनीपासून बोटभर उचलून ठेवावीत. चाकांवर जुनी गोणपाटे टाकली तरी उन्हाचा मारा बराच कमी होतो. प्रत्येक टायरचे चार अंक गाडीच्या कागदांबरोबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवावेत, आणि त्यांत स्टेपनीचे विसरू नयेत. सर्वांत जुना टायर बहुधा तोच असतो.