मोठ्या जुळणीतील भागांचे रूपभेद (कॅड)

संगणक-साहाय्यित आरेखनात (कॅड) एकाच सुट्या भागाची अनेक रूपे एकाच फाइलमध्ये साठवण्याच्या सोयीला कॉन्फिगरेशन असे म्हणतात. या लेखात त्यासाठी 'रूपभेद' हा शब्द वापरला आहे. एखाद्या बोल्टची लांबी, फ्लँजचा व्यास किंवा टाकीच्या पायांची उंची तेवढी बदलते आणि बाकीची घडण तीच राहते, अशा वेळी प्रत्येक मापासाठी नवी फाइल न करता एका फाइलमध्ये हे सर्व पर्याय ठेवता येतात. दहावीस भागांच्या जुळणीत ही सोयच ठरते. हजारो भागांच्या जुळणीत मात्र रूपभेदांची व्यवस्था न लावल्यास संगणक मंदावतो आणि प्रसंगी चुकीचा माल खरेदी होतो. यांपैकी दुसरी हानी अधिक गंभीर आहे, कारण ती पडद्यावर दिसत नाही.

स्वरूप

रूपभेदात मुख्यतः तीन गोष्टी बदलता येतात : मापे, एखादा घडणघटक (भोक, खाच, गोलाई) चालू किंवा बंद असणे, आणि भाग क्रमांक, वजन, धातू यांसारखी माहिती. हे पर्याय हाताने एकेक करून भरता येतात, परंतु पाचसहांहून अधिक रूपभेद असल्यास तक्ता वापरणेच योग्य. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत एक रूपभेद व प्रत्येक स्तंभात एक माप असते. सॉलिडवर्क्समध्ये यासाठी एक्सेलचा तक्ता जोडता येतो. क्रिओमध्ये 'फॅमिली टेबल', तर ऑटोडेस्क इन्व्हेंटरमध्ये 'आयपार्ट' या नावाने अशीच सोय आहे. तक्त्यामुळे चूक शोधणे सोपे जाते, कारण सर्व मापे एका नजरेत येतात.

उदाहरण : पाइपची फ्लँज

नवी मुंबईतील नावडे हे पनवेल तालुक्यात, तळोजा औद्योगिक वसाहतीच्या शेजारी वसलेले आहे. या वसाहतीत रासायनिक उद्योग मोठ्या प्रमाणावर आहेत. अशा कारखान्यांतील टाक्या, पंप व पाइप यांच्या आराखड्यांत सर्वाधिक वेळा येणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे फ्लँज. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्स या संस्थेच्या बी१६.५ या मानकात अर्धा इंच ते २४ इंच नाममात्र व्यासाच्या पाइपांसाठी फ्लँजची मापे दिली असून दाबानुसार १५०, ३००, ४००, ६००, ९००, १५०० व २५०० असे सात वर्ग केले आहेत. त्यामुळे एकाच प्रकारच्या फ्लँजची शंभराहून अधिक रूपे होतात.

४ इंची पाइपची १५० वर्गाची व ३०० वर्गाची फ्लँज शेजारी ठेवून पाहिल्यास रूपभेदाच्या चुकीचे गांभीर्य लक्षात येते. दोन्हींना आठच भोके असतात. पडद्यावर, विशेषतः संपूर्ण संयंत्र दिसत असताना, त्या सारख्याच वाटतात. परंतु पहिलीचा बाहेरचा व्यास सुमारे २३० मिमी व दुसरीचा सुमारे २५५ मिमी असतो. भोके ज्या वर्तुळावर पाडलेली असतात त्याचा व्यास पहिलीत १९०.५ मिमी, तर दुसरीत सुमारे २०० मिमी असतो. पहिलीला पाच-अष्टमांश इंची बोल्ट लागतात, दुसरीला पाऊण इंची. म्हणजेच जुळणीत एका ठिकाणी चुकीचा रूपभेद निवडला गेला, तर प्रत्यक्ष जागेवर समोरासमोरच्या भोकांत बोल्ट जात नाहीत.

साहित्यसूचीतील चूक याहून फसवी असते. अनेक प्रणालींत सूचीतील भाग क्रमांक फाइलच्या नावावरून घ्यावा, रूपभेदाच्या नावावरून घ्यावा की वापरकर्त्याने स्वतंत्रपणे द्यावा, हे ठरवता येते. फाइलचे नाव हाच क्रमांक राहू दिला, तर १५० वर्गाच्या चार व ३०० वर्गाच्या दोन फ्लँजना एकच क्रमांक मिळतो आणि सूची वाचणाऱ्याला त्या एकाच प्रकारच्या सहा फ्लँज वाटू शकतात. आराखडा अचूक असूनही खरेदी चुकते. म्हणून प्रत्येक रूपभेदाला स्वतःचा भाग क्रमांक देणे ही प्राथमिक दक्षता मानली जाते. रूपभेदाचे नावही '४ इंच-१५० वर्ग' असे मापावरून असावे. 'नवीन', 'अंतिम', 'अंतिम २' ही नावे आरेखनकक्षात सर्रास आढळतात. महिन्याभराने ती देणाऱ्यालाही उलगडत नाहीत.

संगणकावरील भार

जुळणीत एकच भाग एकाच रूपभेदात शंभर वेळा वापरला, तरी त्याची भूमिती साधारणपणे एकदाच स्मृतीत आणावी लागते. पाच वेगळे रूपभेद वापरल्यास पाच भूमिती बांधाव्या लागतात. शिवाय जे रूपभेद एकदा उघडून साठवले जातात त्यांची भूमिती फाइलमध्ये राहते व फाइल फुगत जाते. न लागणारे रूपभेद काढून टाकल्यास हा भार कमी होतो, परंतु तत्पूर्वी ते अन्य कोणत्या जुळणीत वापरले आहेत का, हे तपासणे अत्यावश्यक आहे.

रूपभेद भार वाढवतात, तसे ते कमी करण्याचेही साधन आहेत. त्यासाठी प्रत्येक जड भागाचा एक 'सुलभ' रूपभेद तयार करतात. त्यात गोलाया, कोरलेली अक्षरे व आतील बारकावे बंद ठेवलेले असतात. बाह्य आकार आणि जोडणीच्या जागा तेवढ्या राहतात. बोल्टचे आटे खरोखर कोरण्याऐवजी केवळ खुणेने दाखवल्यास पुष्कळ फरक पडतो. सुलभ रूपभेदाचे नाव सर्व भागांत एकच ठेवणे हिताचे, म्हणजे मोठ्या जुळणीत ते शोधणे व बदलणे सोपे जाते. सॉलिडवर्क्समधील 'स्पीडपॅक' ही सोय याच तत्त्वावर आधारलेली असून तीत उपजुळणीचे निवडक पृष्ठभाग व भागच शिल्लक राहतात. अशा हलक्या रूपात वजन वा गुरुत्वमध्य काढताना सावधगिरी बाळगावी लागते.

बदल करताना

माप बदलताना तो बदल केवळ चालू रूपभेदाला लागू करायचा, निवडकांना की सर्वांना, हे ठरवावे लागते. घाईत 'सर्व' हा पर्याय राहून गेल्यास इतर प्रकल्पांतील जुन्या जुळण्याही नकळत बदलतात. नवा घडणघटक निष्क्रिय रूपभेदांत आपोआप चालू व्हावा की बंद राहावा, हेही आधीच ठरवून ठेवता येते.

जुळणीच्या पातळीवर रूपभेदांची संख्या गुणाकाराने वाढते. टाकीच्या तीन उंची, पायांचे दोन प्रकार व तोट्यांच्या चार मांडण्या असल्यास २४ जुळण्या संभवतात. त्या सर्व आगाऊ तयार करण्यात अर्थ नसतो. ज्यांची मागणी आहे तेवढ्याच कराव्यात.

स्वतंत्र फाइल केव्हा करावी, याबाबत आरेखकांत एकमत नाही. तथापि फाइलची आवृत्ती व तिच्यावरील ताबा सहसा संपूर्ण फाइलला लागू होतो. एक जण एका रूपभेदात दुरुस्ती करत असताना दुसऱ्याला त्याच फाइलमधील दुसऱ्या रूपभेदावर काम करता येत नाही. त्यामुळे प्रमाणित बोल्ट, वॉशर व फ्लँज रूपभेदांत ठेवावेत आणि ज्यांचा आराखडा पुढे स्वतंत्रपणे बदलत जाणार आहे असे भाग वेगळ्या फाइलमध्ये असावेत, ही विभागणी व्यवहारात उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

मापे बदलून भागाचे रूप पालटण्याची पद्धत १९८८ मध्ये बाजारात आलेल्या प्रो/इंजिनियर या प्रणालीमुळे रूढ झाली. क्रिओ ही तिचीच पुढची अवस्था होय. विंडोजवर चालणारे सॉलिडवर्क्स १९९५ मध्ये आले व १९९७ मध्ये दासो सिस्टीम्स या फ्रेंच कंपनीने ते विकत घेतले. या क्षेत्रातील सॉफ्टवेअरनिर्मितीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. गोदरेज समूहातून उभी राहिलेली मुंबईची जिओमेट्रिक ही कंपनी व दासो सिस्टीम्स यांनी २००२ मध्ये थ्रीडीपीएलएम हा संयुक्त उपक्रम स्थापन केला व त्याचे काम पुण्यातून चाले. जिओमेट्रिकचा उर्वरित व्यवसाय एचसीएल टेक्नॉलॉजीजकडे देण्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले, त्या व्यवहारात थ्रीडीपीएलएममधील तिचा हिस्सा दासो सिस्टीम्सकडे गेला.