एकच गणित, दोन भाषा

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. पूर्वी मापेही अशीच बदलत. पायली म्हटली, तरी ती कुठल्या गावची हे विचारल्यावाचून सौदा होत नसे. संगणकाच्या भाषांचेही काहीसे असेच आहे.

संगणकाकडून हिशेब करून घ्यायचा, तर त्याला समजेल अशा भाषेत आज्ञा लिहाव्या लागतात. ‘आर’ आणि ‘पायथन’ या अशा दोन भाषा. दोन्ही विनामूल्य मिळतात. मुंबईस पवईच्या आयआयटीत ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प आहे. त्यात ठिकठिकाणचे विद्यार्थी व शिक्षक एखादे पाठ्यपुस्तक निवडतात आणि त्यातील सोडवलेली उदाहरणे अशा भाषांत लिहून देतात. दुसरा कोणी ती पुस्तकातल्या उत्तराशी ताडून पाहतो, आणि मग ती सर्वांना खुली होतात.

आमच्या धाराशिवच्या वर्गात आम्ही असाच एक लहान प्रयत्न केला. आठ शेतांतील सोयाबीनचा एकरी उतारा क्विंटलमध्ये धरला : २, ४, ४, ४, ५, ५, ७ आणि ९. सरासरी आली ५. आता उतारे सरासरीपासून किती पांगले आहेत, म्हणजेच प्रमाण विचलन किती, ते काढायचे होते. एकाने ‘आर’मध्ये काढले, उत्तर २.१४. दुसऱ्याने पायथनच्या ‘नमपाय’ या संचात काढले, उत्तर २. झाले, दोघांचे भांडण जुंपले!

मग आम्ही फळ्यावर गणित मांडले. प्रत्येक उताऱ्याचा सरासरीशी असलेला फरक घेतला, त्याचा वर्ग केला; बेरीज ३२ झाली. तिला ८ ने भागून वर्गमूळ काढले, तर २ येतात. ७ ने भागले, तर २.१४. म्हणजे चूक कोणाचीच नव्हती. वेगळे काही सांगितले नाही, तर ‘नमपाय’ संख्येनेच भागते आणि ‘आर’ एक कमी करून भागते.

मग खरे कोणते? हीच आठ शेते आपला सगळा विषय असतील, तर ८ ने भागावे. पण साऱ्या गावाचा अंदाज करण्यासाठी ती नमुना म्हणून निवडली असतील, तर ७ ने. कारण सरासरीही त्याच आठांतून काढलेली; ती त्यांच्या जवळच बसते आणि पांगापांग खरी असते त्याहून कमी दिसते.

ही बाब केवळ परीक्षेपुरती नाही. नमुन्याच्या शेतांत कापणी करून साऱ्या मुलखाचे उत्पन्न अजमावण्याची रीत आपल्या देशात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. पीक विम्याच्या हिशेबातही अशा पीक कापणी प्रयोगांना महत्त्व आहे. तेथील आकडा कुणाच्या तरी घरच्या धान्याशी बांधलेला असतो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना सुचवावेसे वाटते : एकच उदाहरण दोन भाषांत, दोघांकडून, त्याच आकड्यांवर करवून घ्या. उत्तरे जुळली नाहीत, तर एक पुसून टाकू नका. फरक कशाने पडला ते शेजारी लिहून ठेवा. आणि शेतकरी बंधूंनो, कोणी सरासरी सांगितली, की विचारा : ‘किती शेतांची, अन् ती निवडली कशी?’ पायली कुठल्या गावची, हे आपण विचारतच होतो की!