मांड आणि उडी

आषाढात माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि पुढे पुरंदवडे, खुडूस इथं गोल रिंगण लागतं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. तिथं माउली बसलेली असते. रिंगण संपलं की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मी मात्र लहानपणापासून त्या स्वाराकडे बघत आलो. एका हातात पताका, दुसऱ्यात लगाम, आणि वळणावरही मांड हलत नाही.

मांड हा आपला अस्सल शब्द. मांड ठोकायची, लगाम आवळायचा. भीमथडीच्या तट्टांवर लांबलांबचे पल्ले मारलेल्या मुलखाची भाषा घट्ट बसण्याचीच असणार. घोड्यावर बसून अडथळ्यावरची उडी शिकायला गेलं की हीच भाषा आडवी येते.

दिवाळीच्या सुमारास अकलूजला बाजार समितीचा घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा. गिऱ्हाईक आधी भोवरे बघतं, देवमण आहे का, पंचकल्याण आहे का. मग कानांची कमान, शेवटी रवाल चाल. बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलता कामा नये. जनावर उडतं किती, असं विचारताना मी तिथं कुणाला ऐकलेलं नाही. अडथळ्यावरून घोडा नेण्याची आजची विद्या आपल्याकडे मुख्यतः लष्कराच्या पागांतून आली. खडकवासल्याला एनडीएच्या छात्रांना घोडेस्वारी शिकवतात, मुंबईत महालक्ष्मीला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, आणि पुण्याभोवती रायडिंग स्कूलं निघाली आहेत. मी पुण्याची गाडी धरली ती एका जंपिंग क्लिनिकसाठी. आईनं विचारलं, "कुठं दुखतंय?"

क्लिनिक म्हणजे बाहेरचा जाणकार प्रशिक्षक दोन-तीन दिवस येतो, चार-पाच स्वारांचा गट घेतो आणि रोजच्या मास्तरांच्या नजरेला सरावून गेलेले दोष उघडे पाडतो. पहिल्याच सकाळी त्यानं सगळ्यांच्या रिकिबीचे पट्टे दोन भोकं वर घ्यायला लावले. गुडघे दुमडले, बूड खोगिरावरून उचललं गेलं, भार टाचांत उतरला. घोटा, गुडघा आणि खुबा या तीन सांध्यांनी स्प्रिंगचं काम करायचं. दहा मिनिटांत मांड्या थरथरायला लागतात.

ही बैठक इटलीच्या फेडेरिको काप्रिली या घोडदळाच्या अधिकाऱ्याची देणगी. त्याच्या आधी अडथळा आला की स्वार मागे रेलायचा, पाय पुढे ताणायचा. त्याचा भार घोड्याच्या कमरेवर यायचा आणि लगाम तोंडाला हिसका द्यायचा. काप्रिलीनं मोकळे घोडे उडताना निरखले आणि उलटं सांगितलं: घोडा आहे तसा उडू दे, तू त्याच्याबरोबर पुढे जा. १९०७ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो घोड्यावरून पडूनच गेला. त्याची बैठक मात्र जगानं उचलली. उंच उडीचा विक्रम अजून चिलीच्या कॅप्टन अल्बर्टो लारागिबेल आणि हुआसो या घोड्याच्या नावावर आहे: ५ फेब्रुवारी १९४९, २.४७ मीटर. दाराच्या चौकटीपेक्षा उंच!

आमचा अडथळा गुडघ्याइतका. आधी जमिनीवर चार बल्ल्या, सव्वा मीटरच्या आसपास अंतरानं. त्यावरून दुडकी चाल. मग शेवटी दोन बल्ल्यांची फुली. अंतरं अशी मांडलेली असतात की घोडा आपोआप योग्य जागी पोचतो आणि स्वाराला फक्त स्वतःकडे बघायला सवड मिळते. खरी गोम इथंच आहे. धीर दे म्हणून धीर येत नाही. तीच उडी वीसदा तशीच झाली की येतो.

मला अकराव्यांदा अवदसा आठवली. नजर फुलीवर खिळली, मुठी आवळल्या आणि घोडीच्या तोंडाला हिसका बसला. पुढच्या फेरीत ती थेट थांबली. मी मानेवरून पलीकडे, मुठीत आयाळीचे चार केस. हेल्मेट होतं म्हणून हे लिहितोय. प्रशिक्षक ओरडला नाही. लगामाला गाठ मारून तो मानेवर सोडला आणि म्हणाला, हात पसरून जा, नजर पलीकडच्या झाडावर. लगामच नाही तर आवळणार काय? घोडी कान पुढे करून निघाली आणि मला कळण्याआधीच पलीकडे उतरली.

उडताना अगदी नाकापुढची बल्ली घोड्याला नीट दिसत नाही. आधी पाहिलेल्याच्या भरवशावर तो झेपावतो. अशा वेळी हिसका देणारा स्वार हा त्याच्या दृष्टीनं दुसरा अडथळाच.

भारतात या खेळाची नावं तुरळक निघतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंगना इव्हेंटिंगचं, म्हणजे उडीचाही कस लागणाऱ्या प्रकाराचं, सुवर्ण मिळालं. २०१८ च्या एशियाडमध्ये फवाद मिर्झानं त्यातच रौप्य आणलं आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये २३ वं स्थान मिळवलं. हांगझोऊ एशियाडच्या सुवर्णपदक विजेत्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता, पण ते ड्रेसाज, तिथं उडी नसते.

परवा अकलूजला एका काठेवाडी घोडीवर बसून बघायचं ठरलं. सवयीनं पट्टे दोन भोकं वर घेतले. व्यापारी तंबाखू मळता मळता थांबला.

"पाव्हणं, असं पाय आखडून बसत्यात व्हय घोड्यावर?" म्हणाला, आणि स्वतःच पट्टे खाली सोडून दिले.