कान टोचण्यापूर्वी

‘कान सोनारानेच टोचावे’ ही म्हण आपण उपदेशापुरती वापरतो. परंतु तिचा मूळ अर्थही ध्यानी घेण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते. सराईत हात हवाच. त्याहून अगत्याची निर्जंतुक सुई. एकीचे कान टोचलेली सुई तशीच दुसरीस वापरल्यास रक्तावाटे हिपॅटायटिस-बीचा संसर्ग होऊ शकतो.

आपल्या घरांतून पुष्कळदा १२ व्या दिवशीच बाळाचे कान टोचतात. धनुर्वातप्रतिबंधक लस मात्र ६, १० व १४ आठवड्यांनी दिली जाते. तोवर गरोदरपणी आईने घेतलेल्या लसीचाच काय तो आधार.

पाळीचे छिद्र साधारणतः ६ ते ८ आठवड्यांत भरून येते. हौसेची भिकबाळी मात्र वरच्या कूर्चेत बसते. कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तेथे पू झाल्यास औषध पोहोचणे कठीण, आणि कानाचा आकार कायमचा बिघडण्याचे भय.

जखमेस धुतलेल्या हातांनीच स्पर्श करावा. तेल, राख लावू नये. कान लाल होऊन ठणकू लागल्यास विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे.

चाल मोडा, असे आम्ही म्हणत नाही. चार महिने थांबल्याने ती मोडतही नाही.