स्वातंत्र्याची किंमत : हैतीच्या दारिद्र्याचा दोनशे वर्षांचा हिशेब

काही देश श्रीमंत आणि काही देश गरीब का, या प्रश्नाला हवामान, निरक्षरता, भ्रष्टाचार अशी अनेक उत्तरे दिली जातात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत, हे कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाकडे पाहिल्यावर ध्यानात येते. या एकाच बेटावर हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. चक्रीवादळे दोघांच्याही वाट्याला येतात. हुकूमशाही आणि अमेरिकी फौजांचा अंमल दोघांनीही अनुभवला. तरीही डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे दरडोई उत्पन्न आज हैतीच्या कित्येक पट आहे.

अठराव्या शतकात चित्र नेमके उलटे होते. तेव्हा हैती ही फ्रान्सची सर्वांत किफायतशीर वसाहत होती. युरोपात जाणाऱ्या साखरेचा आणि कॉफीचा फार मोठा वाटा तिथून येत असे. ही समृद्धी आफ्रिकेतून आणलेल्या सुमारे ५ लाख गुलामांच्या श्रमांवर उभी होती. १७९१ मध्ये या गुलामांनी उठाव केला, नेपोलियनने पाठविलेल्या सैन्याचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले.

मात्र या स्वातंत्र्याला मान्यता मिळविण्यासाठी हैतीला जबर किंमत मोजावी लागली. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने १४ युद्धनौकांच्या धाकाखाली अट घातली : मळे आणि गुलाम गमावलेल्या फ्रेंच मालकांना १५ कोटी फ्रँक भरपाई द्या आणि फ्रेंच मालावरील जकात निम्मी करा. जे काल गुलाम होते, त्यांनीच आपल्या मालकांना नुकसानभरपाई द्यायची, असा हा विलक्षण न्याय होता. राष्ट्राध्यक्ष ज्याँ-पिएर बॉये यांनी ही अट मान्य केली.

पहिला हप्ता ३ कोटी फ्रँकचा होता. सरकारच्या वार्षिक उत्पन्नाच्या तो कित्येक पट असल्याने पॅरिसच्याच बँकांकडून कर्ज काढावे लागले. बँकांनी आपला मोबदला आधीच कापून घेऊन हैतीच्या हाती २ कोटी ४० लाखच ठेवले. परतफेड मात्र पूर्ण ३ कोटींची. भरपाई आणि तिच्यासाठी काढलेले कर्ज असा हा दुहेरी बोजा होता. १८३८ मध्ये भरपाईची एकूण रक्कम ९ कोटींवर आणण्यात आली आणि १८८८ मध्ये ती फिटली. तिच्यापोटी काढलेल्या कर्जांची फेड मात्र भारत स्वतंत्र झाला त्या १९४७ सालापर्यंत चालूच राहिली.

रस्ते, शाळा, दवाखाने आणि पाटबंधारे यांसाठी जो पैसा लागतो, तो कॉफीवरील कराच्या रूपाने देशाबाहेर जात राहिला. श्रीमंत देशांत भांडवलातून भांडवल वाढत असताना इथे कर्जातून कर्ज वाढत होते. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेने हैती ताब्यात ठेवला आणि तिजोरीच्या किल्ल्याही आपल्या हाती घेतल्या.

ही प्रक्रिया जुन्या काळापुरती राहिली नाही. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या दबावाखाली हैतीने तांदळावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणले. सरकारी अनुदानाच्या बळावर स्वस्त झालेला अमेरिकी तांदूळ बाजारात आला आणि स्थानिक शेतकरी उखडला गेला. हे धोरण चुकले, अशी कबुली अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली.

अर्थात, सारा दोष परक्यांच्या माथी मारता येणार नाही. १९५७ ते १९८६ या काळात सत्तेवर असलेल्या दुवालिए पिता-पुत्रांनी देशाची लूटच केली. पण दुबळ्या तिजोरीतून दुबळी शासनसंस्था निर्माण होते आणि दुबळी शासनसंस्था लुटारूंच्या हाती सहज सापडते, हा क्रमही विसरता येत नाही.

२००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष अरिस्टिड यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची मागणी केली; ती फेटाळली गेली. त्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली, त्या दिवशी, १७ एप्रिल २०२५ रोजी, फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. पैसे परत करण्याचा शब्द मात्र त्यांनी दिला नाही. गरीब देशांना मिळणाऱ्या मदतीचे आकडे नेहमी जाहीर होतात; त्यांच्याकडून काय घेतले गेले, याचा हिशेब मांडायला मात्र हैतीच्या बाबतीत दोन शतके लागली.