खुब्याचा कृत्रिम सांधा सैल का होतो?

मागच्या व्याख्यानात आपण खुब्याचा कृत्रिम सांधा कसा बसवतात ते पाहिलं. आज पुढचा प्रश्न घेऊ. नीट बसलेला, वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला सांधा हलायला का लागतो? वस्तू आहे, झिजणारच, असं आपण म्हणतो. पण गंमत बघा, झिजतं प्लास्टिक आणि नाहीसं होतं हाड!

इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनची वाटी वापरायला सुरुवात केली. काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि त्यांच्या भुकटीने सांध्याभोवतीच्या ऊती सुजल्या. मग चार्नलींनी टेफ्लॉन आणि पॉलिथिलीन, दोन्हींची पूड स्वतःच्याच मांडीत घालून घेतली. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, पॉलिथिलीनच्या जागी आली नाही. १९६२मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी वापरायला घेतली.

ती टिकली, पण कणांचा प्रश्न संपला नाही. चालताना तिचेही कण सुटतात, बरेचसे तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान. शरीरातल्या मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी ते जंतूसारखे गिळतात. जंतू पचतो, प्लास्टिक पचत नाही. मग या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन अशी दाहक रसायनं सोडत राहतात. त्यातून आसपासच्या पेशींत रँकलची पातळी वाढते. रँकल म्हणजे हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी घडवणारा संदेश. एरवी हाड मोडणं आणि बांधणं बरोबरीने चालतं; इथे मोडणं वरचढ ठरतं, आणि सांध्याचा आधारच पोखरला जातो.

पूर्वी याचा दोष हाडात सांधा बसवणाऱ्या सिमेंटवर जायचा. पण सिमेंट न वापरलेल्या सांध्यांभोवतीही हाड झिजलेलं दिसलं, तेव्हा कणांकडे लक्ष गेलं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनमुळे ही झीज बरीच कमी झाली. अर्थात, सैलपणामागे जंतुसंसर्गही असू शकतो. तो आधी तपासावाच लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हाड पोखरत असताना बहुतेकदा दुखत नाही. दुखेपर्यंत बरंच हाड गेलेलं असू शकतं, आणि दुसरी शस्त्रक्रिया त्याच उरलेल्या हाडावर करायची असते. म्हणून ‘काही त्रास नाही’ हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी एक्स-रे काढायचाच.