व्यसनोपचार, नोकरी-व्यवसायातील व्यक्तींचे

मद्य, अफूजन्य पदार्थ, झोपेची औषधे इत्यादींच्या आहारी गेलेल्या व्यक्तीचा व्यवसाय शक्यतो न तुटू देता केलेले उपचार. अशा व्यक्तींचे काम बराच काळ वरवर सुरळीत चालते. शिवाय नोकरी व लौकिक गमावण्याची भीती असते. त्यामुळे त्या उपचारांसाठी उशिरा येतात.

उपचारांची निवड रजेच्या सोयीवरून न करता शारीरिक अवलंबित्वाच्या तीव्रतेवरून करावी लागते. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास पहिल्या ४८ तासांत आकडी आणि २ ते ४ दिवसांत भ्रम व कंप ही लक्षणे असलेला कंपोन्माद उद्‌भवू शकतो. तो प्राणघातकही ठरतो. म्हणून अशा रुग्णास प्रथम काही दिवस रुग्णालयात ठेवून बेंझोडायझेपीन गटातील औषधे व ब१ जीवनसत्त्व देतात.

अवलंबित्व सौम्य असल्यास काम सांभाळून बाह्यरुग्ण म्हणून समुपदेशन व औषधोपचार घेता येतात. नाल्ट्रेक्सोनाने मद्याची ओढ कमी होते. डायसल्फिराम चालू असताना मद्य घेतल्यास तीव्र त्रास होतो. म्हणून ते रुग्णाच्या नकळत कधीही देऊ नये. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्यूप्रेनॉर्फीन उपयुक्त ठरते. घरचे वातावरण प्रतिकूल असल्यास किंवा व्यसन वारंवार उलटत असल्यास निवासी उपचार श्रेयस्कर असतात. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (स्थापना १९८६) हे त्याचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण होय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही परस्परसाहाय्याची चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअरदलाल व एक शल्यचिकित्सक यांनी सुरू केली. तिच्या सभा बहुधा सायंकाळी भरतात व सदस्यांची नावे गुप्त राखली जातात.

उपचारानंतरची देखरेख सर्वांत निर्णायक असते. अमेरिकेतील व्यसनग्रस्त डॉक्टरांना उपचारानंतर नियमित मूत्रतपासणीच्या अटीवर कामावर परत घेतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा ८०२ डॉक्टरांपैकी ६३१ जण ५ वर्षांनंतर परवानाधारक असून कार्यरत होते. परवाना गमावण्याचा धाक हेही या यशाचे एक कारण असावे. तथापि नोकरी हिरावून घेण्यापेक्षा ती अटींवर राखून ठेवणे उपचारास पोषक ठरते, असे यावरून दिसते.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या व्याख्येत मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश असून रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे.